बारा काकणं

डिचोली,
३ सप्टेंबर १९९८

चि. सौ. देवकी हिला चंद्रावतीचे आशीर्वाद.

चतुर्थी पार पडली. या वर्षी गणपती दीड दिवसाचाच ठेवला. गुरूला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं माझ्या एकटीवर, त्यात पाच दिवस सोवळं सांभाळायला जमलं नसतं. समोरच्या खोलीत भाड्याने राहणारा विठू सकाळी खाणीच्या ट्रकवर जाण्याआधी येऊन त्याला उचलून खुर्चीत बसवून जातो, तेवढाच आधार. सावंतवाडीकडचा आहे, पण पोटच्या पोरासारखं करतो.

गुरूला झटका येऊन आता दीड वर्ष होईल. उजवं अंग तसंच आहे, लाकडासारखं. वाचाही आली नाही. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, आता आहे ते एवढंच. डावा हात मात्र चांगला चालतो. मनात असलं तर चमचा स्वतः धरतो. ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं. म्हणूनच तुला मी फोन करू नकोस म्हटलं होतं. फोन पुढच्या खोलीत त्याच्या उशाशी, आणि तुझा आवाज त्यातून बाहेर आला की तो दिवसभर अस्वस्थ असतो. तेव्हा पत्रच बरं.

शेजारच्या सुमंगलाच्या सुना-मुली घुमट वाजवत आरती झाल्यावर टेप लावून 'बारा काकणं'वर नाचल्या. अकरा-बारा वर्षं झाली त्या गाण्याला, पण अजून ते लागलं की म्हाताऱ्याही उठतात. जनेल उघडं होतं, गाणं सरळ आत येत होतं. गुरूने डाव्या हाताने खाटेवर ठेका धरला. माझ्या भावाचीच चाल ना. मला भरून आलं.

विठूने पेपरात वाचलं, तुझी नवी कॅसेट येतेय आणि गाणीही तूच लिहिली आहेस. मला समजलं नाही. तुझ्या गाण्यांना चाली गुरूशिवाय कोण लावणार? की त्याने आधी लावून ठेवलेल्या आहेत? तसं असेल तर त्याला सांगेन, त्याला बरं वाटेल.

अक्षर वाकडंतिकडं आलंय. बाल्दी उचलताना मनगट मुरगळलं. औषधांचं पार्सल पोचलं.

तुझी,
चंद्रावती

॰

गोरेगाव, मुंबई,
१७ सप्टेंबर १९९८

ती. वन्संना देवकीचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि उठले. पण कॅसेट बाजारात आल्यावर तुम्हाला तिसऱ्याच कुणाकडून कळावं, हे मला नको आहे.

चाली त्यांच्या नाहीत. माझ्या आहेत. शब्दही माझे. कॅसेटचं नाव 'दाराआड'. आठ गाणी, आणि वाद्यं म्हणाल तर पेटी, तबला आणि एक सारंगी. आमच्या जुन्या कंपनीचे साहेब दोन गाणी ऐकून म्हणाले, "देविका, लोक तुला नाचताना बघायला येतात. हे ऐकून ते घरी काय घेऊन जाणार?" त्यांनी नाही म्हटलं. मग एका लहान कंपनीने घेतली.

वन्सं, गाणी आमच्या घरातली आहेत. गुरुदास मला मारायचे. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा लिहिते आहे. केरीच्या जत्रेतल्या नाटकात मी गात असे, तिथून त्यांनी मला आणली, शिकवली, देवकीची देविका केली, हे सगळं खरं. त्यांच्यासारखा संगीतकार नाही, हेही खरं. आणि हेही तितकंच खरं.

'बारा काकणं'चं सांगते. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दादरच्या खोलीत तालीम होती. वादकांसमोर मी एक ओळ त्यांनी सांगितली त्यापेक्षा वेगळी घेतली, आणि वादक म्हणाले, हे छान वाटतंय. सगळे गेल्यावर त्यांनी दार लावलं. माझं मनगट धरून भिंतीवर आपटलं, पुन्हा पुन्हा. हरितालिकेला तुम्ही पाठवलेली हिरवी काकणं होती हातात. ती फुटून लादीवर पडली. मग ते एकदम शांत झाले. खाली बसले, एक तुकडा उचलून पुन्हा लादीवर टाकला. म्हणाले, "ऐक. काय नाद आहे." आणि पेटी ओढली. संध्याकाळपर्यंत चाल तयार झाली. मनगटाला फडकं बांधून मीच ती पहिल्यांदा म्हटली. लोकांना वाटतं, ते प्रियकराच्या खोडीचं गाणं आहे.

तेच गाणं या कॅसेटमध्ये पुन्हा घेतलंय. शब्द तेच. फक्त संथ, आणि ठेका काढून टाकलाय.

तुम्हाला दुखवायला हे करत नाही. पण हे न गाता दुसरं काही आता गळ्यातून निघतच नाही.

तुमची,
देवकी

॰

डिचोली,
२९ सप्टेंबर १९९८

देवकी,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

आमची आई गेली तेव्हा गुरू चार वर्षांचा होता आणि मी चौदाची. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. माझं लग्न झालं तेव्हा तो माझ्याबरोबर या घरात आला, माझ्या नवऱ्यानेही त्याला कधी परका मानला नाही. त्याने मुंगीवर पाय दिलेला मी बघितला नाही. रागीट होता, ते कबूल. कलावंत माणूस आहे. पण तू लिहितेस तसला नाही.

आणि समजा असेल तसं. नवराबायकोत काय होतं ते चार भिंतींत असतं. ते दुकानात टांगून विकायचं? तेही कधी, तर तो आडवा पडल्यावर, जेव्हा त्याच्या तोंडून एक शब्द फुटत नाही. त्याला उत्तर देता येत नाही, देवकी. मेलेल्यावर कुणी असं करणार नाही, तो तर जिवंत आहे. इतकी वर्षं गप्प बसलीस, तशी त्याच्यासाठी अजून चार वर्षं बसली असतीस तर काय झालं असतं?

पंधरा वर्षं तू दर मे महिन्यात इथे येत होतीस. माझ्यासोबत आंब्याची साठं घातलीस. तुझ्या अंगावर कधी वळ दिसला नाही मला.

गावात काय तोंड दाखवू ते सांग. सुमंगलाच्या घरी तुझ्या सगळ्या कॅसेटी येतात. ही पण येईल.

पत्र आधीच लिहिणार होते, पण जनेलाचं दार वाऱ्याने आपटलं ते डोळ्याला लागलं. सुजून दोन दिवस दिसत नव्हतं.

चंद्रावती

॰

गोरेगाव, मुंबई,
७ ऑक्टोबर १९९८

ती. वन्सं,

रागावलात ते रास्तच. त्याला उत्तर देता येत नाही हे तुमचं म्हणणं माझ्या मनात रोज येतं. स्टुडिओत गाताना येतं. पण ज्या दिवसांत त्यांना बोलता येत होतं, त्या दिवसांत माझ्या वाटचंही तेच बोलत होते. मुलाखतीत मी काय सांगायचं, कुणाकडे बघून हसायचं, सगळं. त्यांची वाचा गेली आणि मला माझी सापडली, हे ऐकायला वाईट आहे. मी ते सजवून सांगत नाही.

वळ दिसला नाही म्हणता. मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायचे, आठवतं? एका मासिकात छापून आलं होतं की ती फॅशन देविकाने आणली.

पण आज पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. वन्सं, आधी मनगट मुरगळलं. आता जनेलाचं दार. ही वाक्यं मला पाठ आहेत. माझी मोरी निसरडी होती, कपाटाचं दार सैल होतं, जिना अंधारा होता. या कॅसेटमधलं तिसरं गाणं निव्वळ या वाक्यांचं आहे. तुमच्या घरी कितीतरी मे महिने राहिले मी. तिथलं प्रत्येक जनेल बाहेरच्या बाजूला उघडतं. ते आत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला लागत नाही.

डावा हात चांगला चालतो, असं तुम्हीच लिहिलंत.

मला फक्त हो किंवा नाही एवढंच लिहा. मी येते. त्यांना इथे आणते, नाहीतर दिवसभराचा माणूस ठेवते. कॅसेटवरून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण हे लपवू नका.

देवकी

॰

(पोस्टकार्ड)

डिचोली,
१५ ऑक्टोबर १९९८

गुरू बरा आहे. मीही बरी आहे. आमच्या घरात तू म्हणतेस तसलं काही नाही. औषधं इथे सगुणच्या दुकानात मिळतात, पाठवू नकोस. यापुढे पत्रही नको.

चंद्रावती

॰

गोरेगाव, मुंबई,
११ फेब्रुवारी १९९९

ती. वन्सं,

तुम्ही नको म्हटलंत म्हणून चार महिने लिहिलं नाही. आजचं पत्र वाचावंसं वाटलं नाही तर चुलीत घाला, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

कॅसेट डिसेंबरात आली. फारशी खपली नाही. एका पेपरने लिहिलं, 'अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचा बाजार'. ते वाचून तुमची आठवण झाली, तुम्ही जवळजवळ हेच लिहिलं होतं. ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले. ज्यांच्याबरोबर दहा वर्षं स्टेजवर उभी राहिले, ते वादक रस्त्यात भेटले की घड्याळ बघतात. त्यांना सगळं माहीत होतं, म्हणून बघतात.

जानेवारीच्या शेवटी पणजीत कार्यक्रम होता. सभागृह अर्धं भरलं होतं. पहिल्या गाण्यापासून मागची मुलं ओरडत होती, 'बारा काकणं, बारा काकणं'. शेवटी ते म्हटलं, संथ. मुलं आधी हसली, त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे, आता ठेका येईल. ठेका आला नाही. मग ती उठून गेली. आणखीही माणसं गेली. एक गृहस्थ जाता जाता बायकोला मोठ्याने म्हणाले, "चल गो, रडूक आयले काय आमी?" बायको उठली, पण दारापर्यंत जाऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत तिथेच थांबली. तो बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी केरीला माहेरी जाण्याऐवजी मी डिचोलीच्या बसमध्ये बसले. तुमच्या दाराला बाहेरून कडी होती. सुमंगला अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिचा चेहरा बदलला, पण बोलली.

"चंद्राबाय नाहीत घरात. इस्पितळात गेल्यात, प्लास्टर काढूक."

"कसलं प्लास्टर?"

"तुला म्हायत नाय? हात मोडलो न्हू त्यांचो, डिसेंबरात. न्हाणीत पडल्या म्हणतात." मग हातातला कपडा पिळत खाली बघून म्हणाली, "म्हणतात तसं आपण ऐकायचं."

मी जनेलाशी गेले. ते खुर्चीत बसले होते, पाठीला उशी, स्वच्छ सदरा, भांग पाडलेला. तुम्ही त्यांचं किती करता ते दिसलं. त्यांनी मान वळवली आणि मला ओळखलं. मी काहीतरी बोलणार होते, काय ते आता आठवत नाही. त्यांचा डावा हात वर झाला. बोलावत होते, रागावले होते, की जा म्हणत होते, मला खरंच कळलं नाही. पण मी मागे सरकले. मध्ये लोखंडी गज होते, ते खुर्चीतून उठू शकत नाहीत, हे सगळं दिसत असताना मी अंगणाच्या कडेपर्यंत मागे गेले आणि दोन्ही हात तोंडापुढे घेतले. सुमंगला बघत होती.

मला वाटलं होतं, गाऊन झालं की हे संपेल. ते तसं होत नाही.

वन्सं, त्यांना माझ्याकडे पाठवा. कायद्याने अजून बायको मीच आहे. मी माणूस ठेवीन, मी त्यांच्या जवळ जाणार नाही. तुमचं वय साठीला आलं. तुमचा दुसरा हात मोडायची वाट बघू नका.

देवकी

॰

डिचोली,
२४ मार्च १९९९

चि. देवकी हिला आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं नाही.

तू खिडकीशी आली होतीस ते सुमंगलाने मला त्याच दिवशी सांगितलं. तू हात तोंडापुढे घेतलेस तेही सांगितलं. ते ऐकल्यावर मी मागीलदारी जाऊन बराच वेळ बसले. कारण डिसेंबरात मी तसेच हात घेतले होते. तसं कुणी शिकवत नाही.

आता तू विचारलेलं सांगते. हो. पहिल्यांदा गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास. पेज गरम होती म्हणून असेल, वाटी माझ्या अंगावर फेकली. मी म्हटलं, बिचाऱ्याला बोलता येत नाही, राग काढणार कुठे. मग मनगट. त्याने पकडलं आणि पिरगळलं, सोडीचना. त्या हातात इतकं बळ आहे, सगळ्या अंगाचं मिळून एकात आलेलं. डोळ्याला लागलं ते पितळेच्या तांब्याने. हात मोडला तेव्हा मी त्याला न्हाणीत बसवत होते, त्याने ढकललं आणि मी दगडावर पडले. एवढंच खरं की न्हाणीत पडले. विठूने मला उचलून इस्पितळात नेलं. डॉक्टरने विचारलं तेव्हा विठू माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, शेवाळ होतं. त्याने मान खाली घातली.

तुझी कॅसेट विठूनेच आणली. त्याच्या ट्रकमध्ये टेप आहे, महिनाभर तो एकटाच ऐकत होता, मला सांगितलं नव्हतं. प्लास्टर काढून आले तेव्हा ती त्याने मेजावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, ह्या तुमीच ऐका. माका सांगूक येवचा नाय." कव्हरावर तुझा साधा फोटो, केस मागे बांधलेले, केरीहून लग्न होऊन आलीस तेव्हा दिसायचीस तशी, फक्त थकलेली.

मी ती स्वयंपाकघरात लावली. मधलं दार लोटून घेतलं होतं, पण आवाज जाणारच. ते तिसरं गाणं लागलं. मोरी निसरडी, कपाटाचं दार सैल. मी नारळ खवत होते, हात थांबला. मला राग आला तुझा. वाटलं, हिने माझं चोरून ऐकलं. मग लक्षात आलं, तू हे लिहिलंस तेव्हा तुला माझं काही ठाऊकच नव्हतं.

मग 'बारा काकणं' आलं. पुढच्या खोलीतून खाटेवर बोटांचा आवाज यायला लागला. तो ठेका धरत होता. तू संथ गात होतीस, तो जुन्याच लयीत वाजवत होता, तुला ओढत होता. दोन ओळी तसंच चाललं. तू ऐकेनास. कॅसेटच ती, ऐकणार कशी. मग त्याने लय सोडली, आणि तुझ्या मागून हळूहळू वाजवायला लागला. एक कडवं बरोबर साथ केली, मला गाण्यातलं कळत नाही, पण ती साथच होती. आणि मग बोटं थांबली.

मी दार उघडून बघितलं. डोळे मिटले होते, तोंड भिंतीकडे. डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते झटका आल्यापासून उजव्या डोळ्यातून येतच असतं. मी खूप वेळ उभी राहून बघितलं. काय ते ठरवता आलं नाही. तुला चांगलं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. त्या दिवशी दुपारी जेवताना त्याने पुन्हा ताट उडवलं.

त्याला मी पाठवणार नाही. दिवसभराचा माणूस ठेवीन, तो विठूच्या गावचा मिळतोय, बाप्या आहे, अंगाने दणकट. पण गुरू इथेच राहील. तू त्याला नेलास तर माणूस ठेवशील, दूर राहशील, सगळं खरं. पण एका घरात तो असला की तुझा आवाज पुन्हा त्याला विचारून निघेल. ते नको. मी त्याला कडेवर घेऊन वाढवला, आणि त्याच्यावरची माया माझी गेलेली नाही, हे तुला आवडणार नाही पण आहे ते आहे. तू लिहिलंस ते खोटं होतं असं मात्र मी आता कुणाला सांगणार नाही. परवा देवळात एकीने विषय काढला, "तुमची भावजय काय वाट्टेल ते गाते." मी म्हटलं, "खरं तेच गाते." मग माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. आरती होईपर्यंत मी एकटीच होते.

मे महिन्यात इकडे येऊ नकोस. मी केरीला येईन, तुझ्या आईकडे. तिथे दोन दिवस राहू. साठं तिथेही घालता येतील.

हात अजून पुरता वर होत नाही. त्याला भरवते मीच, दुसऱ्या कुणाच्या हातचं तो घेत नाही. पण इतके दिवस मी त्याच्या डाव्या बाजूला बसत होते, चमचा धरायला सोपं म्हणून. आता माझी खुर्ची उचलून उजव्या बाजूला ठेवली आहे. तिथवर त्याचा हात पोचत नाही.

तुझी,
चंद्रावती